सलंगापुढचं पाणी

आमच्या घरात माणसांविषयी जेवढं बोललं जाई, त्याहून जास्त पाण्याविषयी बोललं जाई. सकाळी उठलं की बाबा पायात वहाणा सरकवून तलावाच्या पारीवर जात. पार म्हणजे तलावाचा मातीचा बांध. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ते सावकाश चालत, मध्येच उकिडवे बसत, खेकड्याचं बीळ दिसलं की टाचेने दाबून बुजवत, आणि घरी येऊन पाय धुता धुता दिवसाचा निकाल सांगत, "आज बोटभर उतरलं." माय चुलीत फुंकर घालता घालता "हं" म्हणे. बोटभर उतरलेलं पाणी चांगलं की वाईट, हे आम्हा पोरांना बाबांच्या आवाजावरून ओळखावं लागे. आम्ही कोहळी. आमच्या वाडवडिलांनी या भागात तलाव बांधले, हे आम्हाला चालता येण्याच्या आधीपासून सांगितलेलं असतं, आणि बाबांनी ते जरा जास्तच मनावर घेतलं होतं. पावसाळ्यात अंगणातून एखादा ओहोळ वाहू लागला की ते कुदळ घेऊन निघालेच. गोठ्यापाशी मातीचा बांध, बाजूला जास्तीचं पाणी सांडायला वाट, आणि मध्ये इवलंसं तळं. मग मायला घोटाभर पाण्यातून गोठ्यात जावं लागे. "या मानसाले वाहतं पानी दिसलं का हात सळसळते याचे," असं ती शेजारणीला सांगे, बाबांना बरोबर ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

नवेगाव बांधचा मोठा तलाव आमच्यापासून फार दूर नव्हता. लोक लांबून तो बघायला येत. बाबांच्या लेखी मात्र आमच्या गावचा तलावच खरा, कारण तो त्यांच्या पायाखालचा होता. संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो की बाहेरून शेजारच्या धान कांडायच्या ढेकीचा धप धप आवाज येई, बेडूक ओरडत, आणि या सगळ्याच्या खालून तुडुमातून, म्हणजे पारीच्या पोटातल्या दारातून, शेताकडे पडणाऱ्या पाण्याचा आवाज सतत येत राही. आम्हाला तो ऐकूच येत नसे, इतका तो सवयीचा. बाबांना येई. हातात भाताचा घास तसाच धरून ते मान वर करत आणि म्हणत, "तुडूम कोनं तरी जास्त उघडला." मग लाखोळीची डाळ, सुक्या झिंग्यांची चटणी, सगळं ताटात टाकून ते निघून जात. माय त्यांच्या ताटावर दुसरं ताट पालथं घाली आणि आम्हाला म्हणे, "खा तुमी. पानी काही पळून नाई जात."

पण मला तर तेच विचारायचं होतं, की पाणी पळून कुठे जातं. डोंगराकडून येतं ते दिसायचं. तलावात साठतं ते दिसायचं. शेतात जातं तेही दिसायचं. पण तलाव भरला की बाजूच्या सलंगावरून, म्हणजे सांडव्यावरून, जास्तीचं पाणी फेसाळत खाली पडायचं आणि झुडपांमध्ये दिसेनासं व्हायचं, त्याचं पुढे काय होतं हे कोणालाच सांगता येत नव्हतं. मी बाबांना विचारलं. ते म्हणाले, "पुढं जाते." मी म्हटलं, "पुढं कोठी?" ते म्हणाले, "आपल्या हद्दीभाईर." त्यांच्या दृष्टीने उत्तर संपलं होतं. हद्दीबाहेर गेलेलं पाणी हा त्यांचा विषयच नव्हता.

अशात आमच्या शाळेत मेश्राम बाई आल्या. गोंदिया शहरात वाढलेल्या, मराठीत अर्धी हिंदी मिसळून बोलणाऱ्या, आणि सायकलवरून टांग टाकून उतरणाऱ्या. गावात बाईमाणसाने टांग टाकून उतरणं तोवर कोणी पाहिलं नव्हतं, त्यामुळे पहिले काही दिवस लोक त्या कधी उतरतात हे बघायलाच शाळेपाशी थांबत. बाईंनी मुलींचं एक पथक काढलं आणि त्याला नाव दिलं टिटवी. कोणीतरी विचारलं, मोर किंवा सारस का नाही, टिटवीच काऊन. बाई म्हणाल्या, "टिटवीचं घर उघड्या जमिनीवर असतं ना. ना झाड, ना भिंत. तरी डरती नहीं किसी से." प्रत्येकीला त्यांनी दोरीला बांधलेली एक शिट्टी दिली. ती गळ्यात घालून मी घरी आले तेव्हा बाबांनी बैलाकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं, की हिच्या गळ्यात घंटा कोणी बांधली.

परवा माझ्या नातीच्या शाळेतून तिच्या आईच्या मोबाईलवर शिबिराची माहिती आली. साहस, मैत्री आणि जीवनकौशल्ये, असं रंगीत अक्षरांत लिहिलेलं होतं. नात मला विचारते, आजी, जीवनकौशल्य म्हणजे काय गं? आम्हाला हे शब्द कोणी सांगितलेच नव्हते. आम्हाला गाठी मारायला शिकवलं, सायकलचं पंक्चर काढायला शिकवलं, मोडलेल्या हाताला काठी बांधायला शिकवलं, आणि चिखलातलं पाऊल डुकराचं की सांबराचं हे ओळखायला शिकवलं. माझी जोडी यशोदा बिसेनशी लागली. यशू पोवारांच्या घरची, घरी पोवारी बोलणारी, माझ्याहून उंच आणि जन्मजात मिश्कील. तिच्या गाठी सुटत नसत आणि माझ्या टिकत नसत, म्हणून बाईंनी आम्हाला एकत्र ठेवलं. पथकात मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे शनिवारचा प्रश्न. दर शनिवारी एकीने असा प्रश्न आणायचा ज्याचं उत्तर घरी मिळालं नाही. बाई उत्तर सांगत नसत. "चलो, बघून येऊ," एवढंच म्हणत.

माझी पाळी आली तेव्हा मी सलंगाचा प्रश्न ठेवला. सगळ्या पथकाने त्या दिवशी पाण्याच्या काठाकाठाने चालायला सुरुवात केली. पाणी झुडपांतून निघालं, कोणाच्या तरी लाखोळीच्या शेताला वळसा घालून गेलं, पुढच्या गावच्या लहानशा तलावात शिरलं आणि त्याच्या दुसऱ्या अंगाने पुन्हा बाहेर पडलं. तिथून ते बेशरमाच्या दाट झुडपांत घुसलं, आणि तोवर ऊन उतरलं. बाईंनी शिट्टी वाजवली आणि आम्ही परतलो. माझा प्रश्न अर्धाच सुटला होता. घरी सांगितलं तर बाबा म्हणाले, "तेवढ्यासाठी कायले गेल्ता? मी सांगितलो असतो."

"काय सांगितलं असतं?"

"का ते पुढं जाते म्हून."

धानाची चुरणी आटोपली, घरोघर कोठ्या भरल्या, आणि बाईंनी शिबिराचं काढलं. चिचगडकडच्या जंगलात, एका नाल्याच्या काठी, मुक्कामाला. मुलींनी रात्री घराबाहेर राहायचं ही गोष्ट आमच्या गावात फक्त लग्नाच्या संदर्भात माहीत होती. बाई घरोघर फिरल्या. आमच्याकडे आल्या तेव्हा बाबांनी त्यांना अंगणातल्या खाटेवर बसवलं, मायने लाखोळीचे वडे पुढे ठेवले, आणि मी गोठ्याच्या दाराआड उभी राहून कान टवकारले.

"रातभर रानात ठेवाल पोरीयले?" बाबांनी विचारलं.

"मी आहे ना काका. जिम्मेदारी माझी."

"शिट्टी वाजवून वाघ पळते का?"

"वाघ नाही पळत," बाई वडा मोडत म्हणाल्या. "पण पोरी एकमेकींना सापडतात."

बाबांना उत्तर आवडलं होतं, पण आवडलं हे कबूल करायला त्यांना अट घालावी लागे. ती त्यांनी घातली. "जाऊ द्या पोरीले. पन एक सांगून ठेवतो. एक तक्रार आली, कोनाची बी, तं त्या दिवसापासून जानं बंद. आनि मंग पुढच्या शाळेचं बी पाहू." पुढची शाळा दुसऱ्या गावाला होती आणि तिथे सायकलने जावं लागणार होतं, तेही बाबांनी अजून धड कबूल केलेलं नव्हतं. म्हणजे एका तक्रारीवर माझं सगळंच टांगलेलं होतं. माय पाण्याचा तांब्या घेऊन आली होती, ती तिथेच थांबली. "तक्रार आली का जानं बंद," ती म्हणाली. "आयकली मी." आणि तांब्या ठेवून आत गेली. मला तेव्हा तिचा राग आला. वाटलं, माय माझ्या बाजूने एक शब्द बोलली नाही, वर अट पक्की करून गेली.

चिचगडपर्यंत बस आणि तिथून पायी. डोक्यावर भांडी, पाठीला गाठोडी, आणि यशूच्या हातात बाईंनी दिलेली काठी, जी ती प्रत्येक झुडपावर आपटत होती. नाला छान होता. पांढरी वाळू आणि त्यावरून हातभर रुंदीचं, वीतभर खोलीचं स्वच्छ पाणी. नाल्याच्या खालच्या अंगाला, दोन वळणांपलीकडे, गोंडांचा एक टोला, म्हणजे लहानशी वस्ती, होता. झाडीमुळे आम्हाला तो दिसत नव्हता, फक्त कोंबडे ऐकू यायचे. बाई पहिल्याच दिवशी मला आणि यशूला घेऊन तिथे परवानगी मागायला गेल्या. अंगण सारवत बसलेल्या सुकवारो नावाच्या म्हातारीने आम्हाला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "राहा. मोहाच्या झाडाखाली जाळ करजो नोका." त्या टोल्यात बहुतेक तिचाच शब्द चालत असावा, कारण बाकीचे पुरुष नुसते मान हलवत होते.

मग सुरू झालं आमचं राज्य. तीन दगडांच्या चुलीवर पहिला भात शिजला तो खाली करपलेला आणि वर कच्चा, आणि आम्ही तो मधला मधला खाल्ला. मी बाईंना इतके प्रश्न विचारले, की मोहाची पानं कधी झडतात, मुंग्यांना पाऊस कसा कळतो, रात्री ओरडलं ते काय होतं, की शेवटी त्या म्हणाल्या, "विचार, खूप विचार. पण भात ढवळत विचार." मला ते बोलणं अजून आठवतं. पुढे आयुष्यात बरीच उत्तरं मला भात ढवळतच मिळाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सायकलची घंटी वाजली आणि झाडीतून बाबा आले. धोतराला काटे लागलेले, खांद्यावर पिशवी. "चिचगडले बैल पाहाले आल्तो," ते कोणी न विचारताच म्हणाले. मग त्यांनी आमच्या भाताच्या गंजावरचं झाकण उचलून पाहिलं, ताडपत्रीची गाठ ओढून पाहिली, आणि जळणाच्या लाकडांना पायाने ढोसलं. यशू माझ्या कानात म्हणाली, "तुझ्या बाबाचा बैल आमच्या गंजात हाय वाटते." मला हसू येत होतं पण हसायची सोय नव्हती. आता एखादी चूक सापडली की संपलं.

चूक त्यांना सापडली, पण भलतीच. दोघी मुली नाल्यावर पाणी भरत होत्या. वीतभर पाण्यात गुंडी, म्हणजे पाण्याची कळशी, बुडत नव्हती, म्हणून त्या वाटीवाटीने भरत होत्या आणि अर्धी वाटी वाळूच येत होती. बाबा काठावर हात मागे बांधून उभे राहिले. एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतला. परत पहिल्यावर घेतला. मी त्यांना ओळखून होते. मला त्यांचे मागे बांधलेले हात दिसत होते आणि ते सळसळत होते. "असं भरते का पानी?" ते शेवटी म्हणाले, आणि धोतर खोचून नाल्यात उतरले.

त्यानंतरची दुपार मी विसरूच शकत नाही. बाबांनी सगळ्या पथकाला कामाला लावलं. मोठे दगड पुढे, बारके मागे, मध्ये पळसाच्या पानांसकट फांद्या, वरून काठावरची चिकण माती, आणि मग तुडवणं. "टाचेनं नाई, तळव्यानं. सगळा पाय टेकू द्या. घाई कराल तं माती धोका देईल." बाईसुद्धा साडी खोचून तुडवत होत्या. आमच्या गावात पारीचं काम पुरुषांचं. माझे भाऊ लहानपणापासून बाबांबरोबर जायचे आणि मी घरून भाकरी घेऊन जायची ती पारीच्या पायथ्यापर्यंतच. त्या दुपारी पहिल्यांदा माझे पाय आणि बाबांचे पाय एकाच मातीत होते. त्यांनी माझा दंड धरला आणि मला नेमकं कुठे तुडवायचं ते दाखवलं. मला इतका आनंद झाला होता की मी एकही प्रश्न विचारला नाही. आता वाटतं, विचारायला हवा होता, निदान एक. माझाच जुना.

बांध पोटरीच्या वर गेला. एका बाजूला बाबांनी जास्तीचं पाणी सांडायला दगडांची नीट वाट ठेवली. काम पुरं झालं की गूळ वाटायचा ही आमची रीत, म्हणून पिशवीतून गुळाचा खडा काढून त्यांनी सगळ्यांना चिमूट चिमूट दिला. मग ते चिचगडला ओळखीच्यांकडे मुक्कामाला गेले. सकाळी उजाडता उजाडता परत हजर. मला वाटलं, मला भेटायला आले. ते सरळ बांधापाशी गेले आणि उकिडवे बसले. रात्रभरात मागे सुंदर डोह भरला होता, निळाशार, काठावरची झाडं उलटी दाखवणारा. पाणी सांडव्याच्या तोंडाला लागायला अजून चार बोटं बाकी होती. "एक थेंब गळला नाई," बाबा म्हणाले. कडुनिंबाची काडी चघळत ते त्या कोरड्या खालच्या अंगाकडे कौतुकाने बघत होते. मीही बघत होते. एवढ्या जणी होतो आम्ही, पण त्या कोरड्या वाळूचा अर्थ आमच्यापैकी एकीच्याही डोक्यात शिरला नाही.

मग त्या वाळूतून बायका चालत वर आल्या. काखेत रिकाम्या गुंड्या, पुढे सुकवारो. त्यांच्या मागे पोरं होती, ती मात्र खुशीत होती, कारण नाल्यातल्या खळग्यांत मासे उताणे पडले होते आणि पोरांनी सदऱ्यांचे ओचे भरून घेतले होते. सुकवारो बांधाच्या खाली उभी राहिली.

"कोन अडवलं पानी?"

आम्ही सगळ्या आपापल्या पायांकडे बघायला लागलो. तक्रार आली होती, पायांनी चालत आली होती. बाई पुढे झाल्या. "मावशी, या पोरींची बाई मी आहे. जे झालं त्याची जिम्मेदारी माझी."

सुकवारोने बाईंकडे बघितलंही नाही. ती बांधावर चढली, पाय आपटून बघितला, वाकून खालच्या बाजूला हात लावला. हात कोरडाच निघाला. "पोरीच्या हातचं असतं तं गळलं असतं," ती म्हणाली. "आमाले थोडंसं तरी भेटलं असतं. हे तं कोन्या कोहळ्याचं काम होय."

बाबांनी तोंडातली काडी काढली. "मी बांधलो."

"खाली मानसं राहते, मालूम नोहतं?"

बाबांनी खालच्या कोरड्या वाळूकडे बघितलं. मग म्हणाले, "मालूम होतं. ध्यानात नाई आलं."

"आज माह्या नातनीले पाहाले पाव्हने येऊन राहिले. आमचा झिरा कोरडा पडला. काय पाजू तेयले?" झिरा म्हणजे वाळूत खणलेला खड्डा, ज्यात नाल्याचं पाणी पाझरून येतं. टोला त्याच्यावरच जगत होता. "मंग आता फोड," सुकवारो म्हणाली.

हे वाक्य किती जड होतं ते तिथे फक्त मला आणि बाबांना कळलं. आमच्या घरात चोरापेक्षा, दारुड्यापेक्षा वाईट कोण, तर पार फोडणारा. भावकीच्या भांडणात शेवटची शिवी तीच असायची. बाबांनी आयुष्यात पार बांधली होती, दुरुस्त केली होती, राखली होती. फोडली कधी नव्हती. ते बांधापाशी गेले, खाली वाकले, ओल्या मातीला हात लावून तो कपाळाला लावला. हे ते काम सुरू करताना करत. मग सरळ होऊन म्हणाले, "एकदम फोडली तं लोंढा जाईन आनि तुमचा झिरा गाळानं बुजन. दगडा-दगडानं उघडतो. तवर या पोरी तुमच्या गुंड्या भरून पोचवते." सुकवारोने आपली गुंडी यशूच्या हातात दिली.

पथकाने मग काय धावपळ केली. डोहात आता गुंडी पूर्ण बुडत होती, तेवढा एक फायदा झाला होता. भरलेल्या गुंड्या डोक्यावर घेऊन मुली वाळूतून टोल्याकडे निघाल्या. अर्धं पाणी त्यांच्या वेण्यांतून गळत होतं आणि टोल्यातल्या बायका मागून चालताना तोंडाला पदर लावून हसत होत्या. यशूची गुंडी मात्र जराही हिंदकळली नाही आणि हे ती मला पुढची कित्येक वर्षं ऐकवत राहिली. मी गुंडी उचलायला गेले तर बाईंनी मला अडवलं. "तुझा प्रश्न बाकी आहे ना, सलंगाचा? जा. पाण्यासोबत जा."

बाबांनी मधला वरचा दगड काढला. पाणी जरा थबकलं, मग बांधावरून घसरून खालच्या वाळूत उतरलं. सुरुवातीला ते नुसतं वाळूत जिरत होतं. मग त्याला जीभ फुटल्यासारखी झाली आणि ती जीभ पुढे सरकू लागली. मी तिच्या बाजूने चालले. पाण्याचं तोंड मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. आमच्याकडे पाणी असतं, नाही तर नसतं. ते येताना कोण बघतो. ते तोंड वाळकी पानं ढकलत होतं, मुंग्या त्याच्या पुढे पळत होत्या, एखाद्या खळग्यात ते शिरायचं आणि मी थांबायची, खळगा भरेपर्यंत. उरलेला एखादा मासा त्यात सरळ व्हायचा. मग पाणी काठावरून उतरून पुन्हा चालू लागायचं आणि मीही. कधी ते माझ्याहून हळू होतं, कधी उतारावर मला पळायला लावत होतं. दुसऱ्या वळणावर मागे पाहिलं तर बाबा येत होते. उरलेले दगड काढायचं काम त्यांनी बाईंवर सोपवलं होतं. वहाणा हातात धरून, पाण्याच्या दुसऱ्या काठाने, मान खाली घालून ते चालत होते. मी भीती विसरले होते. आणि त्यांच्या चेहऱ्यावर मी जे बघितलं ते रागाचं नव्हतं. त्यांनाही ते तोंड नवीनच होतं.

पाणी टोल्यापाशी पोचलं, झिऱ्याच्या बाजूने वाळू भिजली आणि थोड्या वेळाने झिऱ्याच्या तळाशी पाणी चकाकलं. सुकवारो काठावर बसून बघत होती. पाणी तिथे थांबलं नाही, ते तिच्या पायांजवळून पुढे गेलं. बाबांनी त्याच्याकडे बघत विचारलं, "अठीहून पुढं कोठी जाते हे?"

माझाच प्रश्न, माझ्याच शब्दांत. मी आ वासून त्यांच्याकडे बघितलं.

"पुढच्या टोल्यात," सुकवारो म्हणाली. "कायले? तठी बी बांधाचा हाय का?"

बायका खदखदून हसल्या, बाबा सगळ्यांत शेवटी हसले. पाहुणे आले तेव्हा आमचं पथक अजून तिथेच गुंड्या उतरवत होतं, म्हणून आम्हालाही पंगतीला बसवलं. कोदोचा भात आणि पोरांनी वेचलेल्या त्याच माशांचं कालवण. सुकवारोने बाबांना पाहुण्यांच्या शेजारी बसवलं आणि ओळख करून दिली, "हे आमचं पानी बंद करनारे." बाबा मान खाली घालून जेवले, पण दोनदा भात मागितला.

शिबिर संपवून मी घरी आले ती जीव मुठीत धरून. बाबा सायकलने आधीच पोचले होते. पारीवर चक्कर मारून आले होते, पाय धुतले होते, आणि त्या दिवशी किती उतरलं हे त्यांनी सांगितलं नव्हतं. संध्याकाळी सगळे जेवायला बसलो. तुडुमाचं पाणी पडत होतं. मी तो आवाज त्या दिवशी मुद्दाम ऐकला. मायने वाढता वाढता, सहज विचारल्यासारखं विचारलं, "मंग? आली का काही तक्रार?"

मी घास तोंडात धरून बसले. मला खोटं बोलता येईना आणि खरं बोलायचा धीर होईना. बाबा डाळ कालवत राहिले. मग म्हणाले, "आली. एक."

"कोनाची?"

"माह्या नावाची."

मायचा हात डाळीच्या पळीवर थांबला. तिने बाबांकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि काय झालं ते सगळं कळल्यासारखी मान डोलावली. "अट तं अट," ती म्हणाली. "आजपासून पोरीच्या शिबिरात तुमचं जानं बंद."

बाबांनी ताट पुढे केलं. मायने त्यात भात वाढला, वर डाळ घातली. आणि शनिवारी मी शिट्टी गळ्यात घालून निघाले तेव्हा पारीवरून परत येणारे बाबा वाटेत भेटले, आणि त्यांनी विचारलं, "आज कोनचा प्रश्न हाय?"